पाडण्याआधी एक दिवस द्या: छोट्या स्टेशनांसाठी खुलं पत्र

प्रति,
ज्यांच्या विभागात जुन्या छोट्या स्टेशनांचं पाडकाम किंवा नूतनीकरण ठरलं आहे ते सर्व विभागीय रेल्वे व्यवस्थापक, तसंच बांधकाम, सिग्नल आणि वाणिज्य शाखांचे अधिकारी

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

जुनं स्टेशन पाडायचं ठरलं की निविदेत त्याची एक ओळ येते: जुनं बांधकाम पाडून राडारोडा हलवणे, इतके घनमीटर. आमची मागणी त्या ओळीच्या वर आणखी एक ओळ घालण्याची आहे. पाडण्याआधी त्या स्टेशनाची, फोटोंवरून मापं काढता येतील अशी, छायाचित्र-नोंद करावी. काम दोन माणसांचं आणि एका दिवसाचं आहे.

नवीन स्टेशनांना आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. छपराखाली जागा नाही म्हणून पावसात उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला जुन्या कौलांचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण कामाचा वेग बघा. स्टेशनांच्या नूतनीकरणाच्या अमृत भारत योजनेत ६ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवशी ५०८ स्टेशनांची पायाभरणी झाली. त्यातली ४४ महाराष्ट्रातली होती. २२ मे २०२५ ला १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात लासलगाव, सावदा, मुर्तिजापूर, केडगाव, लोणंद अशी फार मोठी नसलेल्या स्टेशनांची नावं होती. दुसरीकडे गेज बदलाचं, म्हणजे अरुंद रुळांचे (नॅरोगेज) मार्ग रुंद रुळांचे (ब्रॉडगेज) करण्याचं काम चालूच आहे. नागपूर–नागभीड ही १९०८ सालची नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. पाचोरा–जामनेरची ५६ किलोमीटरची गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा लातूर ते मिरज हा सगळा रस्ता कधीच ब्रॉडगेज झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे फोटो रोज हजारोंनी निघतात आणि २००४ पासून ते जागतिक वारसा यादीतही आहे, त्यामुळे त्याची आम्हाला चिंता नाही. शेंदुर्णी, पहूर, भिवापूर, उमरेड यांसारख्या ठिकाणी मात्र एक खोली, एक खिडकी, एक घंटा आणि कौलारू पडवी एवढाच ऐवज असतो. त्याची नीट नोंद कुणी केली नाही तर मागे उरतात ती लग्नाच्या वऱ्हाडाच्या फोटोत मागे आलेली अर्धी पाटी आणि खांबाचा तुकडा.

नोंद केव्हा करायची, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि चूक बहुतेक वेळा इथेच होते. पाडकामाच्या आदल्या दिवशी फोटोग्राफर पाठवला तर त्याला चार भिंती मिळतात, स्टेशन मिळत नाही. स्टेशन एका दिवसात जात नाही, ते ठरलेल्या क्रमानं जातं. गाडी बंद झाली की आधी सिग्नल शाखा ब्लॉक यंत्रं आणि टोकन (दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी यासाठीची साधनं) घेऊन जाते, कारण त्यांचे सुटे भाग दुसरीकडे लागतात. मग सिग्नलच्या तारा, कप्प्या आणि वजनं भंगाराच्या यादीत चढतात. त्यानंतर कुलपं, कड्या, पितळी मुठी, तिकीट खिडकीचे गज असं हाताला लागेल ते नाहीसं होतं. ते कोण नेतं याची चौकशी करण्यात हशील नाही. पहिल्या पावसाळ्यात कौलं सरकतात, दुसऱ्यात वासे कुजतात. घडीव दगडाच्या भिंती शेवटपर्यंत उभ्या असतात, आणि सगळ्यात कमी सांगतात त्याही त्याच. म्हणून नोंदीचा दिवस शेवटची गाडी जाण्याच्या आधीचा हवा. नूतनीकरण असेल तर पत्रे ठोकून आवार बंद करण्याच्या आधीचा हवा.

रंगकामही याच यादीत धरा. भिंतीवरचे जुने थर खरवडून वर सपाट रंग आणि वारली चित्रं आली की त्याखाली जुन्या रेल्वे कंपन्यांच्या काळातली कोरीव किंवा रंगवलेली अक्षरं होती की नव्हती, हे कुणालाच सांगता येत नाही. चित्रं छान असतात, प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

ठेकेदार कामाआधी फोटो काढतोच, मग वेगळी नोंद कशाला, असं तुमच्या कार्यालयात कुणी म्हणेल. ते फोटो बिलाच्या पुराव्यासाठी असतात. मोबाइल ॲप त्यांच्या खालच्या भागावर तारीख, अक्षांश-रेखांश आणि नकाशाचा चौकोन छापतं. इमारतीचं जोतं आणि फलाटाची कड नेमकी त्याच पट्टीखाली झाकली जाते. अक्षांश-रेखांश हवेतच, पण ते फाइलच्या आतल्या माहितीत असू द्यावेत, चित्रावर नकोत.

जोत्याचं एवढं का, तेही सांगतो. जुने फलाट बुटके असत. आजही कमी उंचीच्या फलाटाची मर्यादा रुळाच्या माथ्यापासून ४५५ मिलिमीटर आहे, तर उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटरचा असतो. फलाट उचलला की इमारत आहे तिथेच राहते आणि जमीन वर येते. उंबरा फलाटाच्या खाली जातो, ओतीव खांबाची बैठक काँक्रीटमध्ये गडप होते, दारांची प्रमाणं बिघडतात आणि पावसाचं पाणी आत वळतं. मग ‘इमारत ओलीमुळे खराब झाली, पाडावी’ असा शेरा येतो. मूळ उंची दाखवणारा, बाजूला मोजपट्टी ठेवून काढलेला एकच फोटो हा सगळा घटनाक्रम उलगडून सांगू शकतो. खांबाचा तळ, उंबरा आणि फलाटाची कड एकाच चौकटीत घ्यायची, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरायचा.

आता पद्धतीबद्दल. सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो या वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळचं सोनेरी ऊन आणि तिरप्या सावल्या दिनदर्शिकेसाठी ठीक, पण दर्शनी भागाच्या नोंदीला ढगाळ, उजळ दिवस सगळ्यात चांगला. कडक उन्हात पडवीची खोल सावली खिडक्या-दारं गिळून टाकते. ऊन असेलच तर पडवीतली प्रत्येक चौकट तीन वेळा घ्यावी: नेहमीच्या प्रकाशमापनावर एक, दोन स्टॉप कमी (चौथाई प्रकाशाची) एक आणि दोन स्टॉप जास्त (चौपट प्रकाशाची) एक. फाइल रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची, मूळ) आणि जेपेग दोन्ही ठेवावी. प्रत्येक बाजूच्या पहिल्या फोटोत ठरावीक रंगांची छापील रंगपट्टी धरावी, नाहीतर खांबांचा तो विटकरी रंग नेमका कोणता होता यावर पुढे वादच होतील. ट्यूबलाइटच्या खोलीत तर तिच्याशिवाय अंदाजही बांधता येत नाही.

दर्शनी भाग समोरून, भिंतीला काटकोनात घ्यायचा. छप्पर मावत नाही म्हणून कॅमेरा वर वळवला की उभ्या रेषा आत झुकतात. मोबाइलची रुंद लेन्स लावली तर कडेच्या कमानी ताणल्या जातात, आणि असल्या फोटोवरून कुणालाही मापं काढता येत नाहीत. मागे सरकणं हा एकच खरा उपाय. समोर दुसरा फलाट असेल तर तिथून घ्यावं. नसेल तर रुळांत उतरायचं नाही. इमारतीसमोर फलाट पाच मीटर रुंद आहे असं धरा. २८ मिलिमीटरच्या लेन्सला पाच मीटरवरून साधारण साडेसहा मीटर भिंत दिसते. भिंतीपासूनचं अंतर न बदलता दर दोन मीटरनं बाजूला सरकत गेलं की शेजारच्या दोन फोटोंत दोन-तृतीयांश भाग सामाईक राहतो. तीस मीटरच्या इमारतीला असे पंधरा-सोळा फोटो लागतात. ते संगणकावर जोडून पूर्ण दर्शनी भाग मापात मिळतो. सामाईक भाग निम्म्याच्या खाली गेला तर जोड फसतो, विशेषतः एकसारख्या घडीव दगडांच्या भिंतीत, कारण सॉफ्टवेअरला एक दगड दुसऱ्यासारखाच दिसतो. छप्पर या रांगेत येत नाही. ते पादचारी पुलावरून किंवा आवाराबाहेरच्या उंचवट्यावरून वेगळं घ्यावं.

मापासाठी एक मीटरची लाकडी काठी, दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा मारलेली. लाकडीच, आणि त्याला दोन कारणं आहेत. वर २५ हजार व्होल्टची तार असते आणि तिच्यापासून शरीर असो वा हातातली वस्तू, दोन मीटरच्या आत जाता कामा नये. धातूची लांब काठी किंवा सेल्फी स्टिक उभी करणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. पोलादी टेप दोन्ही रुळांवर आडवी पडली तर रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटला तिथे गाडी उभी आहे असं वाटतं आणि सिग्नल लाल होतो. टेप फायबरची वापरावी आणि रूळ मोजायच्या फंदातच पडू नये. रुळांमधलं अंतर हीच एक तयार मोजपट्टी असते: ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००, बार्शी, जामनेर किंवा नागभीडची नॅरोगेज ७६२ मिलिमीटर. फलाटाच्या टोकावरून काढलेल्या फोटोत रूळ आले की प्रमाण आपोआप आलं.

इमारतीपेक्षा जास्त वेळ केबिनला (सिग्नल आणि सांधे जिथून लिव्हरनं हलवतात ती खोली) आणि मास्तरांच्या खोलीला द्यावा. लिव्हरच्या चौकटीचा एक समोरून फोटो पुरत नाही. प्रत्येक लिव्हरचा क्रमांक आणि त्यावरची पाटी वाचता येईल असा जवळचा फोटो हवा, कारण कोणती लिव्हर ओढण्याआधी कोणती ओढलेली असली पाहिजे हे त्या पाटीवरच्या आकड्यांत लिहिलेलं असतं. लाल लिव्हर सिग्नलच्या, काळ्या सांध्यांच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागांच्या), निळ्या सांध्यांच्या कुलपांच्या, तपकिरी फाटकाच्या, पांढऱ्या रिकाम्या. कृष्णधवल फोटोत ही सगळी भाषा पुसली जाते. जुन्याला कृष्णधवल शोभतं हा मोह इथे टाळावा. नील्स बॉल टोकनचं यंत्र असेल तर यंत्रासोबत गोळाही टिपावा, त्यावर कोणत्या दोन स्टेशनांमधला तो आहे हे कोरलेलं असतं. टोकन धावत्या इंजिनात देण्याची वेताची रिंग बहुधा दाराआड खिळ्याला टांगलेली सापडते. तीही घ्यावी.

जुन्या सिग्नलच्या हाताजवळची, म्हणजे खांबावरच्या हलत्या पट्टीजवळची काच रॉकेलच्या दिव्यासाठी असेल तर ती हिरवी नसून निळसर दिसते. रॉकेलची ज्योत पिवळी असते, निळसर काचेतून ती हिरवी दिसावी म्हणून ही योजना. फोटोत ‘काच फिकी पडली आहे’ असं समजून रंग दुरुस्त करणारे महाभाग असतात. त्यांना आवरावं. हात खाली पडणारा आहे की वर उचलला जाणारा, हे एका फोटोत कळत नाही म्हणून दोन्ही स्थितींतले फोटो लागतात, आणि त्यासाठी गाडी घेतानाचीच वेळ साधावी लागते. फोटोसाठी म्हणून सिग्नलचा हात हलवायला कुणी कर्मचाऱ्याला सांगू नये.

जुन्या स्टेशनात रूळ फक्त गाडीखाली नसतात. पडवीचे खांब, कुंपण, घंटेचा तुकडा, पाटीचे पाय, पुलाच्या कैच्या असं सगळीकडे बाद रूळ उभे केलेले असतात. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव, साल आणि दर यार्डाचं पौंडांतलं वजन उठावात असतं. वर रंगाचे दहा थर असल्यानं समोरून फ्लॅश मारला तर काहीच दिसत नाही. विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, एका कडेनं धरावी. प्रकाश घासत गेला की अक्षरांच्या सावल्या पडतात आणि साल वाचता येतं. मऊ ब्रशनं धूळ झाडावी, खरवडू नये. आणि ते साल वाचून ‘स्टेशन या साली बांधलं’ असं कुणी लिहू नये. रूळ आधी मार्गावर झिजला, मग खांब झाला. स्टेशन त्याहून बरंच नंतरचं असू शकतं. मंगलोरी कौलांचंही तसंच. कारखान्याचं नाव कौलाच्या पाठीवर असतं, पण कौलं दर काही वर्षांनी बदलली जातात. म्हणून पडलेलं एखादं कौल पाहू नये, आढ्याजवळची पाहावीत.

तिकीट खिडकीचा फोटो दोन्ही बाजूंनी हवा. बाहेरून कमानीचं भोक आणि पिढ्यान् पिढ्यांच्या पैशांनी झिजून मधोमध खोलगट झालेली फळी. आतून पुठ्ठ्याच्या तिकिटांची लाकडी कप्प्यांची मांडणी असेल तर ती, आणि तारीख ठोकायचं यंत्र. एडमंडसन पद्धतीचं ते तिकीट जेमतेम ५७ बाय ३० मिलिमीटरचं असतं, त्यामुळे कप्प्याचा फोटो मापासकटच हवा.

पिवळ्या पाटीवरचं नाव तिन्ही भाषांसह आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसह वाचता यावं. एनॅमलच्या जुन्या पाट्या समोरून चमकतात. थोडं बाजूला होऊन किंवा चकाकी कमी करणारा पोलरायझर लेन्सला लावून घ्याव्यात. बाकी बाकडी, वजनकाटे, आगीच्या बादल्या, पाणपोई, बत्तीघर, मालधक्का, पाण्याचा खांब, हे एकेका फोटोत भागतं. अट एवढीच की प्रत्येक वस्तूचा एक फोटो ती जिथे आहे तिथे, आजूबाजूसह असावा. नुसता जवळून घेतलेला बाकडा कोणत्याही स्टेशनाचा असू शकतो.

हे सगळं करायला एका छोट्या स्टेशनाला १२० ते १५० फोटो आणि सहा-सात तास लागतात. फलाट तिकिटाची मुदत दोन तासांची असते. म्हणून तुमच्याकडून सगळ्यात आधी हवं ते एक पानी पत्र: तारीख, माणसांची नावं, केबिन, बत्तीघर आणि मालधक्का धरून कुठे कुठे जाता येईल, सोबत कोणता कर्मचारी असेल. प्रत स्टेशनमास्तरांना आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या ठाण्याला. पत्र नसेल तर एका स्टेशनावर चहा मिळतो आणि पुढच्याच स्टेशनावर कॅमेरा खाली ठेवायला सांगतात. दोघंही आपापल्या परीनं बरोबर असतात, कारण त्यांच्या हातात लेखी काहीच नसतं. रुळांत उतरण्याची सवलत आम्ही मागत नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरण्याबद्दलचं रेल्वे कायद्याचं कलम १४७ आम्हालाही लागू आहे. फ्लॅश गाडी येताना बंद, तिपाई गर्दीच्या वेळी मिटवलेली, ड्रोन नाही. कर्मचाऱ्यांचे चेहरे त्यांच्या संमतीशिवाय नाहीत.

फोटोंइतकीच कागदांची गरज आहे. प्रत्येक स्टेशनाचा मापासह आराखडा आणि सिग्नल इंटरलॉकिंग प्लॅन (सिग्नल आणि सांधे एकमेकांना कसे बांधलेले आहेत त्याचा नकाशा) तुमच्या कार्यालयात असतो. नवा मंजूर झाला की जुना रद्दीत जातो. तो सपाट पसरून, चारही कोपरे दिसतील असा आणि शेजारी मोजपट्टी ठेवून टिपून घेऊ द्यावा. चालू मार्गाचा देता येत नसेल तर बंद झालेल्या मार्गाचा तरी द्यावा, तिथे आता कसली गुप्तता?

आणि शेवटी फाइली. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्याच्या आतली तारीख-ठिकाणाची माहिती गळून जाते. असे फोटो नोंद म्हणून स्वीकारू नयेत. नावात स्टेशनचा कोड, तारीख, कुठल्या दिशेला तोंड करून घेतला ती दिशा आणि अनुक्रमांक असावा. ‘नवीन फोल्डर २’ मध्ये गेलेलं स्टेशन पाडलेल्या स्टेशनाइतकंच हरवतं. सुरू करण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ लावून घ्यावं, दोन कॅमेरे असतील तर दोन्हींचं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक प्रत विभागात, एक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे. विदर्भातल्या नॅरोगेजची असेल तर नागपूरच्या मोतीबाग इथल्या नॅरोगेज संग्रहालयालाही. तिसरी त्या गावच्या वाचनालयाला, छापील निवडक पंचवीस फोटोंसह, कारण स्टेशन कसं होतं हे विचारायला माणूस आधी तिथेच जाणार.

निविदेत घालण्यासाठी मजकूर खाली देत आहोत. हवा तसा बदलावा, पण पाडकामाच्या ओळीच्या वरच ठेवावा:

‘सेवा बंद होण्यापूर्वी अथवा आवार बंद करण्यापूर्वी, यांपैकी जे आधी असेल त्याआधी, इमारतीच्या चारही बाजू, फलाट, केबिन, सिग्नल, अंतर्भाग व जंगम वस्तू यांची मोजपट्टी व रंगपट्टीसह किमान १२० छायाचित्रांची नोंद करणे. चित्रावर कोणताही शिक्का अथवा मजकूर नसावा. मूळ फाइली तीन प्रतींत जमा केल्याशिवाय व त्या उघडून तपासल्याशिवाय पाडकामास परवानगी देऊ नये.’

‘उघडून तपासल्याशिवाय’ हे शब्द कृपया काढू नयेत. बंद पाकिटातली कोरी डिस्क पाडकाम झाल्यावर उघडून उपयोग नसतो.

आपले,
जुन्या स्टेशनांच्या नोंदी करणारे काही जण